जवसाचं पाणी, मेंढराची कातर

साल दोन हजार तेवीस. माझं वय सत्तर.

नातीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. इस्त्रीचा सदरा घातला, डोक्यावर टोपी घातली आणि पोरीला घेऊन वेळेआधी शाळेत पोचलो. नात म्हणजे यशोधरा. आम्ही यशू म्हणतो. चौथीला होती. नाटकात ती राजकन्येची सखी होती आणि सखीला एकच वाक्य होतं, "ताईसाहेब, चला, फुलं वेचू." महिनाभर आमच्या घरात हेच. भाकरी मागायची तरी ताईसाहेब, चला, फुलं वेचू.

तिचे केस मी केले होते. दाट, काळे, घट्ट कुरळे केस. एकेक वळण स्प्रिंगसारखं, आणि सगळी वळणं चमकत होती. कानामागं अबोलीची वेणी. रस्त्यात एका बाईनं थांबून विचारलं, "पार्लरला केले का हो?" मी म्हणालो, "न्हाय. मी केले." तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय.

मेकअप एका वर्गात चालला होता. पालकांना आत सोडत नव्हते. मी बाहेरून खिडकीचा गज धरून उभा राहिलो.

राक्षसीण होणारी पोरगी ताप आला म्हणून आलीच नव्हती. नाटकाच्या बाई वैतागल्या होत्या. तरुण, शिकलेल्या, अंगावर भारी साडी. तोंडाच्या वाईट नव्हत्या. सगळ्यांशी हसून बोलायच्या. त्यांनी रांगेतल्या पोरींवरून नजर फिरवली. यशूवर थांबली.

"अगं, ही आहे की! हिला घ्या. हिला विग लागणारच नाही."

दुसऱ्या बाई हसल्या. मग पोरी हसल्या. बाई हसल्यावर पोरी हसणारच.

बाईंनी अबोलीची वेणी काढून बाकावर टाकली. बारीक दाताची फणी घेतली आणि कोरड्या केसांतून उलटी फिरवायला लागल्या. टोकाकडून मुळाकडं, केस उभे राहावेत म्हणून. खरखर आवाज खिडकीपर्यंत येत होता. वळणं फुटली. केस फुगले, पिंजले, चारी बाजूंनी उभे राहिले. यशूनं डोळे मिटले होते. दात दाबले होते. रडली नाही.

"बघा," बाई म्हणाल्या, "किती नॅचरल!"

वर्ग परत हसला. ते हसणं मी ओळखलं. लई जुनं हसणं.

पण आधी त्या केसांचं सांगतो. बाईंनी एका फणीत काय मोडलं ते कळायला पाहिजे.

माझा मुलगा कुर्डुवाडीला, रेल्वेच्या वर्कशॉपात. सुटीला घरी येतो. सून दवाखान्यात आया आहे. सकाळची पाळी, उजाडायच्या आत घर सोडते. यशूचं डोकं माझी बायको करायची. खोबरेल चोपडायचं आणि ओढून दोन वेण्या. इतक्या घट्ट, की पोरीच्या भुवया वर जायच्या. बायको वारली. पोरीचं डोकं माझ्याकडं आलं.

पहिल्या सकाळी मी फणी घातली आणि ओढली. फणीचे दात डोक्यात राहिले, मूठ माझ्या हातात. यशू अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरची पद्माक्का कठड्यावर आली. विणकराच्या घरातली बाई, तोंडानं फटकळ. म्हणाली, "काका, खरारा आणा घोड्याचा!" गल्ली हसली. मी दार लावून घेतलं. तेव्हापासून पोरीचे केस दार लावूनच.

सून म्हणाली, "मामा, पार्लरात नेऊन सरळ करून टाकू. रोजची कटकट मिटंल." यशूनंही मान हलवली. शाळेत तिला नूडल म्हणत होते.

मी न्हाय म्हणालो. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. हट्टी माणूस आहे. एकदा न्हाय म्हणालो की न्हाय.

दुसरी पास होऊन माझी शाळा सुटली. जन्म गेला टॉवेलच्या मागावर, भवानी पेठेतल्या कारखान्यात. अक्षर लावत लावत वाचतो, पण सूत मला अंधारात हाताला कळतं. वाटलं, केस म्हणजे सूतच की. विणायच्या आधी सुताला पिठाची खळ देतात, म्हणजे धागा ताठ राहतो, पिसत नाही. मी मैद्याची खळ केली. पातळ, गाळून, बारीक सुताला देतात तशी. तिच्या ओल्या केसांना लावली. काय केस बसले म्हणता! एकही धागा हलेना. लई खूश होऊन शाळेत पाठवली.

दुपारपर्यंत खळ वाळली. केस पापडासारखे कडक. पोरगी मान हलवील तसं पीठ गळायला लागलं. संध्याकाळी दारातूनच ओरडत आली, "आबा, मी काय टॉवेल हाय का?"

सून हसून हसून खाली बसली. मग यशू हसली. मीही हसलो. ते हसणं आमचं होतं. त्यात कुणी खाली गेलं नाही.

पुढं यशूनंच आईच्या फोनवर शोधलं. त्यात एक बाई होती, आमच्याहून काळी, आमच्याहून कुरळी, कुठल्या देशाची कोण जाणे. इंग्रजीत बोलत पातेल्यात काहीतरी उकळत होती. यशू फोन माझ्या नाकाला लावून म्हणाली, "आबा, हे जवस हाय! आपल्या चटणीचं!"

जवस आमच्या घरात कायम. पाण्यात उकळला. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट झालं. गार होऊ दिलं आणि मग गाळायला बसलो, तर काही गळेना. शेंबूड नुसता. सगळं फडक्यात. दुसऱ्या खेपेला गरम असतानाच जुन्या धोतरातून गाळलं, तेव्हा जमलं. असं एकेक. केस कोरडे असताना फणी लावायची नाही. आधी भिजवायचे. गुंता बोटानं सोडवायचा, टोकापासून सुरू करून हळूहळू वर यायचं. ओल्या केसांना जवसाचं पाणी लावून मुठीत दाबायचं आणि सोडून द्यायचं. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. हात न लावणं सगळ्यात अवघड.

गुंतलेलं सूत असंच सोडवतात. मागावर मला ते येत होतं. पोरीच्या डोक्यावर यायला वर्ष गेलं.

आणि टॉवेल. जन्मभर मी टॉवेल विणले आणि तोच तिच्या केसांचा वैरी निघाला. त्याच्या फंद्यांत केस अडकतात, पिंजतात. मग माझा जुना मऊ सदरा घेतला, त्यानं टिपायचे. झोपताना डोक्याला रेशीम बांधायचं, असं फोनमधली बाई करून दाखवत होती. माझ्या बायकोची एकच रेशमी साडी, पोराच्या लग्नातली. तिचा पदर मी फाडला. सून बघत राहिली. म्हणाली, "मामा, आत्या असत्या तर तुमास्नी घरात घेतलं नसतं." पण फाडलेला तुकडा तिनंच शिवून दिला.

माझं स्वतःचं डोकं मात्र साफ. केसांची हातमशीन आहे माझ्याकडं, जुनी, लोखंडी. दर रविवारी डोक्यावरून फिरवायची, वर टोपी. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

तर ते केस घेऊन मी शाळेत गेलो होतो.

खिडकी सोडली. दारातून आत गेलो.

"बाई, फणी ठेवा."

"आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचंय."

"कोरड्या केसांत फिरवायची नसती ती. दुखतंय तिला."

"पाच मिनिटांचं काम आहे हो. नाटक आहे. गंमत असते."

"ती सखी हाय. फुलं वेचायचं वाक्य हाय तिला."

"ते दुसरी कुणी म्हणेल. राक्षसीण मोठा रोल आहे, आजोबा. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"मग हीच का?"

बाईंचं हसू गेलं. फणी हातातच होती.

"तुम्ही लोक ना," त्या म्हणाल्या, "प्रत्येक गोष्टीत तेच आणता."

मी काही आणलं नव्हतं. मी केसांचं बोललो होतो. जात त्यांनी काढली, नाव न घेता. आमच्या लहानपणी नाव घेऊन काढायचे. आता न घेता काढायला शिकलेत.

मी यशूचा हात धरला. "चल घरी."

ती उठली नाही. सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता. माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "आबा, जाऊ द्या. करते मी."

ते तोंड लहान पोरीचं नव्हतं. ते माझ्या बापाचं तोंड होतं. कसं, ते पुढं येईल.

तिनं केलं. गालाला काळा रंग, दाताला लाल. स्टेजवर उड्या मारल्या, गरजली, हात पसरून राजकन्येच्या अंगावर धावली. काही राखून ठेवलं नाही. लोक खदखदून हसले. माझ्या मागचा माणूस बायकोला म्हणाला, "काय शोभतीय बघ की!" सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या हातात अबोलीची वेणी होती, बाकावरून उचललेली. सखीचं वाक्य दुसऱ्या पोरीनं म्हटलं. अर्धं विसरली.

घरी आल्यावर यशूनं तोंड धुतलं. सून कामावरून आली होती. ती तेल घेऊन बसली, पण केसांच्या गाठी गाठी झाल्या होत्या. बोट शिरत नव्हतं. यशूनं आईचा हात बाजूला केला. उठली. आत गेली. कोनाड्यातली माझी मशीन घेऊन आली आणि माझ्यापुढं धरली.

"आबा, मारा."

"काय?"

"मशीन. तुमच्यासारखी. समदं काढा."

सून ओरडली, "येडी का काय तू?"

"आबा मारत्यात की दर रविवारी! त्यांचंबी केस असंच हाय. आजी सांगायची मला." माझ्याकडं वळली. "मारा की आबा. मंग कुणी न्हाय हसणार."

मशीन तिच्या हातात. मी तिच्यापुढं. मग मी जे बायकोलाही सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगितलं.

मी तिच्याच वयाचा होतो. भीमेच्या काठाला आमचं गाव. गावचा न्हावी आमच्या वस्तीतलं डोकं करायचा नाही. बा घरीच इळ्यानं कापायचा, नाहीतर वाढू द्यायचा. माझे वाढले होते. असेच, हिच्यासारखे. पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. धनगर बांधाच्या कडेला त्यांची लोकर कातरत होता. बा त्या रानात कामाला, मी बाच्या मागं. पाटलाचा थोरला पोरगा बांधावर बसला होता. त्यानं मला पुढं बोलावलं. हात लावला नाही. हात कसा लावील? काठीच्या टोकानं माझे केस उचकटून बघितले आणि धनगराला म्हणाला, "हे एक मेंढरू राहिलं की रं. ह्याचीबी लोकर काढ."

धनगर थांबला. पण त्यालाही त्याच रानात मेंढरं बसवायची होती. त्यानं मला आडवं पाडलं, मेंढरू पाडतात तसं, गुडघ्याखाली मान घेऊन. कातर लोकरीच्या तेलानं चिकट झाली होती. एका कानाची पाळी तुटली. खाच अजून आहे. सगळं रान हसलं. बा हात जोडून उभा होता. घरी जाताना एवढंच म्हणाला, "केस काय, परत येत्यात."

मी परत येऊ दिले नाहीत.

यशूनं माझ्या कानाला हात लावला. खाच बोटानं चाचपली. पोरगी विचार करत होती.

"ते गाव कुटं हाय आता?"

"धरणात गेलं."

"समदं?"

"समदं. रानबी. चावडीबी."

"आन् तो पाटलाचा पोरगा?"

"मेला."

"मंग तुमी कुणासाठी काढताय आजून?"

सून भिंतीला टेकून उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

धनगरानं एकदा कातरलं होतं. एकदाच. त्यानंतर दर रविवारी माझं डोकं मीच कातरत आलो. मला वाटायचं ही माझी शान आहे. स्वच्छ डोकं, सरळ टोपी, कुणाची बोट दाखवायची हिंमत नाही. हुकूम देणारा मेला, त्याचं रान पाण्याखाली गेलं आणि मी आपला हुकूम पाळतोय. इमानदारीनं. आणि घरात बसून माझी नात ते शिकली. जवसाचं पाणी मी तिला दार लावून शिकवलं. मशीन उघड्यावर शिकवली.

मी तिच्या हातातून मशीन घेतली.

"ही तुज्या डोक्याला लागायची न्हाय. माज्याबी न्हाय."

"मंग उद्या शाळेत?"

"उद्या मी हाय."

तिला ते पटलं नाही. पाठ करून झोपली. रेशमाचा तुकडा त्या दिवशी तिनं बांधू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि स्टूल उचलून दाराबाहेर मांडलं. भर गल्लीत, नळाशेजारी. बादली भरून आणली. जवस उकळून गरम गरम गाळला आणि ते पातेलंही बाहेर आणून ठेवलं. सून त्या दिवशी उशिरानं कामाला निघाली होती. म्हणाली, "मामा, आत करा की. लोकं बघत्यात."

"बघू दे. बघावं म्हणूनच भाईर बसलोय."

ती मग दार आपल्या हातानं पूर्ण उघडं टाकून गेली.

यशूला स्टुलावर बसवलं. केस भिजवले. टोकापासून सुरू केलं. लई वेळ लागला. पाण्याला आलेल्या बायका घागर लावून उभ्या राहिल्या. वरून पद्माक्कानं हाक दिली, "काय काका, खरारा आणू का?"

"आणा," मी म्हणालो. "पण भिजवून आणा. कोरडा चालत न्हाय."

ती हसली नाही. कठड्यावर हात टेकून बघत राहिली.

एक गुंता सुटलाच नाही, मानेजवळचा. तेवढा कापावा लागला. यशूनं कापलेला पुंजका हातात घेऊन बघितला. मी जवसाचं पाणी लावलं, मुठीत दाबलं, सोडलं. वळणं आली. कालच्यासारखी नाहीत. काही तुटली होती, ती तशीच दिसत होती. शाळेचा नियम दोन रिबिनींचा. नियम पाळला. दोन लाल रिबिनी, दोन मोकळे झुपके. वेणी नाही, तेल चोपडलेलं नाही.

टोपी खुंटीला ठेवली. मशीन खिशात घातली. पोरीचा हात धरून निघालो.

कोपऱ्यावर भंगाराचा गाडा उभा होता. मशीन त्यावर टाकली. भंगारवाल्यानं उचलली, चालवून बघितली.

"चाचा, ये तो चालू हय!"

"मालूम हय," मी म्हणालो.

शाळेच्या गेटात त्याच बाई उभ्या होत्या, पोरींची रांग लावत. यशू माझ्या मागं सरकली. मी तिला पुढं घेतलं.

"बाई, ही यशोधरा. हिच्या केसाला हात लावायचा असंल तर आदी हिला विचारायचं. ही व्हय म्हणली तर लावायचा. न्हाय म्हणली तर न्हाय."

"आजोबा," बाई इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "कालचं अजून धरून बसलात?"

"कालचं न्हाय बाई. लई जुनं हाय. आन् पुढल्या वर्षी हिला राजकन्या करा, न्हायतर राक्षसीण करा. केस बघून करायचं न्हाय."

बाई यशूला म्हणाल्या, "चल, आत जा." त्यांचा हात सवयीनं पोरीच्या डोक्याकडं गेला.

"न्हाय," यशू म्हणाली.

हात मागं आला.

ती आत गेली. वळून बघितलं नाही. वॉचमन आला, म्हणाला, "आजोबा, इथं थांबायचं न्हाय." मी रस्ता ओलांडला. गेटासमोर एका बंद दुकानाचा कट्टा आहे, त्यावर बसलो. तिथून तिच्या वर्गाची खिडकी दिसते. वर्गातून मीही दिसतो.

ऊन डोक्यावर आलं. टोपी घरी होती. शाळा सुटेपर्यंत उठलो नाही.